कालची नवरी, आज नवरदेव

"मामा, हलू नकोस. अजून नुसतं हुंगतोय तो."

भाच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी काठी झटक्यानं वर खेचली होती. गरी वर आली ती घासूनपुसून लख्ख. माकुलाचा तुकडा गायब. तासाभरात हे सहाव्यांदा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिटलहॅम्प्टन नावाचं छोटं बंदर आहे. आरुन नदीच्या मुखातून बाहेर पडून आमची भाड्याची बोट नांगर टाकून डुलत होती. जुलैचा पहिला आठवडा. बोटीवरचे इंग्रज सदरे काढून बसलेले, मी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून. खाली पंधराएक मीटरवर खडप, आणि त्या खडपावर आमच्या खर्चानं न्याहारी उरकणारे काळे ब्रीम.

याच दिवसांत आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, घरात सुकी मासळी. तिकडे मात्र हाच उन्हाळा आणि हाच गरवायचा मोसम. एप्रिल-मे महिन्यांत पाणी जरा कोमट झालं की काळे ब्रीम इंग्लिश खाडीत, ससेक्स, डॉर्सेट आणि आइल ऑफ वाइटच्या खडपांवर जमायला लागतात. त्यांच्यामागोमाग काठ्या घेऊन माणसं.

मासा तसा बेताचा. किलोभराचा लागला तर गरवणारा फोटो काढतो. पण त्या दिवशी बोटीवर आणि नंतर घरी येऊन जे जे कळलं, त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय: या घराण्यातला एकही मासा दिसतो तसा नसतो. नाव एकाचं, दात दुसऱ्याचे, रंग खाल्ल्या अन्नाचा, आणि लिंग... ते तर वयावर.

आधी नावाचा घोळ

ब्रीम हे नाव मुळात गोड्या पाण्यातल्या माशाचं. युरोपातल्या नद्या-तळ्यांत राहणारा, चपटा, बुळबुळीत, आणि कुळानं आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. समुद्रात तशाच उंच पाठीचा आणि चपट्या बांध्याचा मासा दिसला तेव्हा इंग्रजांनी तेच नाव त्यालाही चिकटवलं. दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. समुद्री ब्रीमचं घराणं वेगळं, स्पॅरिडी नावाचं, आणि त्यात दीडशेच्या आसपास जाती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 'स्नॅपर' म्हणून ज्याचं कौतुक होतं तोही खरा स्नॅपर नव्हे, ब्रीमच.

एका ब्रीमला तर डॉक्टरचं नाव आहे. जोनाथन काउच (१७८९–१८७०) हे कॉर्नवॉलमधल्या पोलपेरो या कोळ्यांच्या गावचे डॉक्टर. रोगी तपासून झाले की मासे तपासायचे. ब्रिटिश बेटांभोवतीच्या माशांवर त्यांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला आणि 'काउचचा ब्रीम' होऊन ते समुद्रात कायमचे राहिले. गावात कोळ्यांचीच वस्ती, तेव्हा फी बरेचदा टोपलीतूनच येत असावी असा माझा आपला कयास.

चोराशी गाठ

ब्रीमसाठी बोट खडपाच्या माथ्यावर उभी करत नाहीत. प्रवाह जिकडून येतो त्या अंगाला, थोडं अलीकडे नांगर टाकतात, म्हणजे तंगूस पाण्याबरोबर मागे वाहत जाऊन आमिष बरोबर खडपाच्या कडेला बसतं. उधाणाच्या दिवसांत पाणी इतकं ओढतं की शिसं तळाला ठरत नाही. भांगाचे दिवस बरे. ठेचलेल्या मासळीची जाळीदार पिशवी तळाशी सोडायची, तिचा वास प्रवाहाबरोबर पसरतो आणि त्या वासाच्या वाटेनं पाहुणे येतात.

पाहुण्यांचं तोंड लहान. बांगड्याची मोठी फोड लावलीत तर ती कडेकडेनं कुरतडून संपवतात आणि गरीला तोंडही लावत नाहीत. म्हणून करंगळीच्या निम्म्या रुंदीची माकुलाची पट्टी, छोटी गरी, एका तंगुसाला दोन किंवा तीन. भाचा लाकडी फळीवर माकूल कापत होता ते आमची आई श्रीखंडासाठी पिस्त्याचे काप करायची तितक्या निगुतीनं.

मग चावा. काठीच्या टोकाला टकटक, टकटक, थोडं थांबून परत टकटक. दारावर कुणी लाजत लाजत वाजवावं तसं. आपला हात शिवशिवतो, आणि तिथेच आपण हरतो. ब्रीम आधी दातांनी चाचपतो, ओढून बघतो, सोडतो. काठी आपणहून वाकून राहीपर्यंत हात लावायचा नाही, हे सांगणं सोपं आहे. शेजारचे गृहस्थ तर काठी कठड्याला टेकवून चहा पीत होते, आणि मासे त्यांनाच लागत होते.

मला आधी लागली डॉगफिश. आपल्या मुशीची ठिपकेदार, हातभर लांबीची चुलत बहीण. ती हाताला विळखा घालते आणि तिची कातडी म्हणजे सुताराचा पॉलिशपेपर. मनगटावरचं खरचटणं आठवडाभर टिकलं. बोटीवर तिचं कुणालाच कौतुक नसतं. चुकून लागलेली बिनबोलावली पाहुणी.

सातव्या टकटकीला मी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात कोंबले. काठी वाकली, वाकूनच राहिली. मासा वजनाच्या मानानं भलताच झुंजला. आडवा चपटा असल्यानं पाण्यात पाट धरल्यासारखा अंग आडवं लावतो आणि डोकं हलवत खाली बुडी मारतो. वर आला तेव्हा पाठ पोलादी निळी, कपाळ जवळजवळ काळं, अंगावर फिकट उभे पट्टे, आणि पाठीवरचे काटे शिंगासारखे ताठ. बोटीच्या तांडेलानं तो मोजपट्टीवर ठेवला. ३७ सेंटीमीटर.

"नर आहे," तो म्हणाला. मग गरी सोडवता सोडवता, "पूर्वी कुणाची तरी आई असेल."

आणि सोडून दिला पाण्यात.

घर बांधल्याशिवाय लग्न नाही

तांडेल थट्टा करत नव्हता. काळा ब्रीम जन्माला येतो तो मादी म्हणून. काही वर्षं अंडी घालते, मोठी होते, आणि साधारण ३० ते ४० सेंटीमीटरच्या दरम्यान केव्हातरी तिचा नर होतो. 'घालते' आणि 'होतो' एकाच वाक्यात आले की मराठी व्याकरण दचकतं. माशाला काही वाटत नाही.

नर झाल्यावर पहिलं काम घराचं. तळावरची वाळू आणि बारीक खडी शेपटीनं झाडून काढायची, पार खालचा स्वच्छ दगड उघडा पडेपर्यंत. या झाडलोटीतून मीटर-दोन मीटर रुंदीची उथळ परात तयार होते. अशा शेकडो पराती शेजारी शेजारी. ध्वनिलहरींनी समुद्रतळाचं चित्र काढणाऱ्या यंत्रावर ही वस्ती गोल गोल खळग्यांच्या नक्षीसारखी उमटते. चाळीतल्या खोल्याच जणू, फक्त छप्पर नाही.

घर तयार झालं की नवरदेव वेष बदलतो. अंग गडद निळं-काळं, त्यावर फिकट पट्टे, अगदी सुटात उभा राहिल्यासारखा. मादी येते, दगडावर चिकट अंडी घालते आणि निघून जाते. राहतो तो. खेकडे, गोगलगायी, दुसरे मासे यांना हुसकावत, शेपटीनं अंड्यांवर वारा घालत, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. घरकाम, राखण आणि बाळंतपण सगळं एकट्याच्या गळ्यात.

गोम इथेच आहे. गरवणाऱ्याला मोठा मासा हवा असतो. मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा नर. तो उचलला की मागची परात उघडी, आणि तासाभरात अंडी फस्त. शिवाय सगळे मोठे उचलले तर झाडलोट कोण करणार? म्हणूनच लिटलहॅम्प्टनसमोरच्या किंगमेअर नावाच्या खडपाला २०१३ साली सागरी संरक्षित क्षेत्र केलं, आणि तिथं जपायच्या गोष्टींच्या यादीत काळा ब्रीम नावानिशी आहे. एप्रिल ते जून या विणीच्या काळात तिथं मासेमारीवर कडक बंधनं असतात. आम्ही जुलैत गेलो आणि त्या हद्दीबाहेर उभे राहिलो ते याचसाठी. जवळच रॅम्पियन नावाचं पवनचक्क्यांचं रान उभं आहे, ११६ चक्क्यांचं. ते उभारताना पाया ठोकण्याच्या धडधडाटावरही ब्रीमच्या लग्नसराईपुरता अंकुश होता. एवढ्याशा माशानं एवढ्या मोठ्या कंपनीला मुहूर्त बघायला लावावा, हे मला फार आवडलं. आपल्याकडे मांडव पडायच्या आत बुलडोझर येतो.

२०२१ पासून ससेक्सच्या किनाऱ्यालगतच्या ३०० चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात तळ खरवडणारी ट्रॉलर जाळीही बंद आहेत. ती बंदी मुख्यतः केल्प या समुद्री वनस्पतीची नाहीशी झालेली रानं परत यावीत म्हणून. पण तळ शाबूत राहिला की त्यावरची घरंही राहतात.

बाशिंगवाल्याची उलटी गंगा

भूमध्य समुद्रातला गिल्टहेड ब्रीम म्हणजे याच घराण्यातला श्रीमंत चुलत भाऊ. इटलीत ओराता, स्पेनमध्ये दोरादा, फ्रान्समध्ये दोराद. सगळ्या नावांचा अर्थ सोनेरी. दोन डोळ्यांच्या मधोमध कपाळावर सोन्याची पट्टी असते. आपण पाहिलं की थेट बाशिंगच आठवतं.

आणि गंमत बघा, हा बाशिंगवाला खरोखरच नवरदेव म्हणून आयुष्य सुरू करतो. पहिली एक-दोन वर्षं नर, मग मोठा झाला की मादी. म्हणजे काळ्या ब्रीमच्या बरोबर उलट. याला हिशोब आहे. गिल्टहेड घर बांधत नाही, राखण करत नाही. त्याची अंडी पाण्यात तरंगत जातात. तिथं ताकदीचं काम अंडी घालण्याचंच, आणि मोठ्या अंगाची मादी जास्त अंडी देते. काळ्या ब्रीममध्ये घर राखायला दणकट गडी लागतो. ज्याचं काम जड, तिकडे मोठं शरीर. घराणं एक, रीत दोन.

रोमनांना या माशाचं वेड होतं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा सर्जियस ओराता नावाचा एक उद्योगी गृहस्थ होता. नेपल्सजवळच्या लुक्राइन सरोवरात कालवांची शेती करून त्यानं पैसा केला, आणि जमिनीखालून गरम हवा खेळवलेल्या स्नानगृहांचं श्रेयही जुने लेखक त्यालाच देतात. 'ओराता' हे त्याचं टोपणनाव. काही म्हणतात या माशाच्या आवडीवरून पडलं, काही म्हणतात तो सोन्याच्या दोन अंगठ्या घालायचा म्हणून. आज गिल्टहेड प्रामुख्यानं ग्रीस आणि तुर्कस्तानातल्या पिंजऱ्यांतून येतो, आणि समुद्र तापत चालल्यानं अलीकडे इंग्लंडच्या दक्षिणेलाही गरीला लागायला लागलाय.

दंतकथा, खऱ्या दातांच्या

गिल्टहेडच्या तोंडात डोकावलात तर पुढे सुळे आणि मागे चक्क दाढा. शिंपले, कालवं, कुर्ल्या फोडायला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा शीप्सहेड नावाचा भाऊबंद तर याही पुढचा. त्याचे पुढचे दात हुबेहूब माणसाचे. २०२१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या एका धक्क्यावर पकडलेल्या शीप्सहेडचा फोटो जगभर फिरला, आणि तो खोटा आहे असं पुष्कळांना वाटलं. मला तर तो पाहून आमच्या शाळेतल्या एका मास्तरांची कवळी आठवली. ब्रुकलिनमधल्या शीप्सहेड बे या भागाला या माशाचंच नाव आहे.

दात मागे राहतात, मासा विरतो. इस्राएल आणि आसपासच्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननात गिल्टहेडचे दात सापडले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या दातांतल्या ऑक्सिजनच्या खाणाखुणा तपासल्या, आणि त्यातले पुष्कळसे मासे अतिखारट पाण्यात वाढलेले निघाले. ते पाणी बहुधा इजिप्तच्या सिनाई किनाऱ्यावरचं, बर्दाविल नावाच्या खारट सरोवराचं. म्हणजे ३५०० वर्षांपूर्वी तिथून मासळी भरून बाजारात जात होती. बहुतेक मासे एकाच मापाचे, एका थाळीत मावतील असे. हॉटेलवाल्यांची आवड तेव्हापासून बदललेली नाही.

खाऊन स्वप्नं

सालेमा नावाचा आणखी एक नातेवाईक आहे, अंगावर सोनेरी आडव्या रेघा. चवीला बरा, पण कधीमधी खाणाऱ्याला भास होतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली दोन रुग्णांची हकिगत छापली. त्यातले एक गृहस्थ ९० वर्षांचे. २००२ साली सेंट ट्रोपेमध्ये सालेमा खाल्ला, आणि त्यांना माणसांच्या किंकाळ्या आणि पक्ष्यांचा कलकलाट ऐकू यायला लागला, पुढच्या दोन रात्री भयंकर स्वप्नं पडली. वेड लागलं की काय या भीतीनं त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. तीन दिवसांत आपोआप उतरलं. मासा तळावरची जी शेवाळं खातो त्यांतून हे येत असावं असा अंदाज आहे. मी दिला तरी खाणार नाही, माझी स्वप्नं आधीच पुरेशी विचित्र आहेत.

जपानातला जावई

ब्रीमला खरा मान जपानात. तिथं लाल ब्रीमला 'ताई' म्हणतात (आपल्या ताईशी नातं नाही, पण रुबाब तोच). शुभ या अर्थाच्या 'मेदेताई' शब्दाशी यमक जुळतं म्हणून लग्न, बारसं, नववर्ष, सगळीकडे ताई. सुमोचा विजेता भला थोरला ताई हातात उचलून फोटो काढतो. भरभराटीचा देव एबिसू याच्या एका हातात गळाची काठी, काखेत ताई. गणपतीच्या हातात मोदक तसा.

म्हणी तर आपल्या घरातल्या वाटाव्यात. 'कोळंबीनं ताई धरणं' म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. तिथले कोळी बोटीतून खरंच कोळंबी लावून ताई गरवतात, त्यामुळे म्हण आणि धंदा एकच. दुसरी म्हण, 'नासला तरी ताई', ही आपल्या मेलेल्या सव्वा लाखाच्या हत्तीची जपानी जाऊबाई.

पण ही म्हण कुणी तोकुगावा इएयासूला सांगू नये. जपानवर सत्ता बसवलेला हा शोगुन १६१६ साली तळलेला ताई खाऊन आजारी पडला आणि काही महिन्यांनी गेला, अशी तिथली आवडती कथा आहे. इतिहासकार पोटाच्या कर्करोगाकडे बोट दाखवतात. लोक अजून माशाकडेच.

ताईचा लाल रंग त्याचा स्वतःचा नाही. कोळंबी, खेकडे यांच्यातल्या लाल द्रव्यातून तो अंगावर चढतो. पिंजऱ्यात पाळलेल्या ताईला खाण्यातून तो रंग पुरवावा लागतो. आणि वर एक अडचण: रानटी ताई खोल पाण्यात राहतो, पिंजरा असतो वरच्या उजेडात. उन्हाळ्यात मासा चक्क रापतो, काळवंडतो, आणि भाव पडतो. म्हणून शेतकरी पिंजऱ्यांवर काळी छपरं ताणतात. लग्नाच्या मुलीला उन्हात जाऊ नको म्हणणाऱ्या आत्या जगभर सारख्याच, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

ताई खाऊन झाला की कल्ल्यामागच्या परासाठी असलेल्या हाडांच्या जोडीत एक तुकडा सापडतो, तो हुबेहूब छोट्या माशासारखा. डोळ्याच्या जागी भोकसुद्धा. त्याला म्हणतात 'ताईतला ताई'. नीट सोडवून, वाळवून पाकिटात ठेवतात. काळ्या ब्रीममध्येही तो असतो. भाच्यानं आणलेल्या दोन माशांत मी अर्धा तास शोधला. एकाचा मोडला, दुसरा अजून माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

आणि आपल्याकडे?

गोव्यात आणि मालवणाकडे खाडीत पालू मिळतो, तो या घराण्यातला अस्सल. इंग्रजीत त्याचं नाव चक्क 'पिकनिक सीब्रीम'. खाडीच्या तोंडाशी, खडपाच्या आडोशाला, कालवं-कुर्ल्या फोडत हिंडतो, आणि गिल्टहेडसारखाच नरापासून सुरुवात करतो. खवले जाड, पाटावर साफ करायला बसलं की भिंतीपर्यंत उडतात. जाणकार त्याचं तिखलं करतात आणि बाहेरच्या माणसाला पत्ता लागू देत नाहीत.

दुसरी आपली राणी. गुलाबी अंगाची, पिवळ्या रेघांची, मुंबईच्या बाजारात ढिगानं पडणारी आणि पापलेटवाल्या गिऱ्हाइकाच्या नजरेत न भरणारी. तिचं कुळ स्पॅरिडी नव्हे, शेजारचं. पण इंग्रजीत तीही ब्रीमच, शेपटीला धागा असलेली. रत्नागिरीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत तिचं मांस काढून, पुन्हा पुन्हा धुऊन, त्याचा पांढरा गोळा करतात. त्याला सुरिमी म्हणतात. तो गोळा जपानपर्यंत जातो, आणि त्यातलाच काही रंगवून, वास लावून 'क्रॅब स्टिक' होऊन आपल्याच सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये येऊन पडतो. पाकिटावर खेकड्याचं चित्र, आत राणी.

डिसेंबरात भाचा मुंबईला आला. मी तव्यावर बटर सोडून, लसूण टाकून सहा क्रॅब स्टिक परतल्या. त्यानं दोन खाल्ल्या, बोटं चाटली.

"मामा, खेकडा एकदम फ्रेश आहे हं."

सहा वेळा माझं माकूल गेलं होतं. मी काही बोललो नाही, पाकीट डब्यात तळाशी सरकवलं आणि त्याच्या ताटात आणखी दोन वाढल्या.